ट्रकवरची मोटरसायकल आणि विसाव्याचा हक्क

अमेरिकेच्या महामार्गांवर लांब पल्ल्याच्या ट्रकांमध्ये अधूनमधून एक दृश्य दिसते. चालकाच्या झोपण्याच्या केबिनमागे आणि ट्रेलरच्या पुढच्या भिंतीच्या अलीकडे जी उघडी जागा असते, तिथे एक मोटरसायकल आडवी उभी करून चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, हौशी माणूस दिसतो. तसे वाटायला जागाही आहे. मोटरसायकलचे वेड त्या देशात जुने आहे. साउथ डकोटातल्या स्टर्जिस गावी १९३८ पासून ऑगस्टात मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरतो, फ्लोरिडातला डेटोनाचा मेळा तर त्याच्याही एक वर्ष आधीचा. स्वतःचा ट्रक असलेल्या चालकाला त्या दिवसांत त्या दिशेचे भाडे पकडता येते आणि गाडी बरोबर असली की सुटीही साधता येते. परंतु हौस म्हणून विषय बाजूला सारला की त्यातला खरा प्रश्न हातून निसटतो. माझे म्हणणे असे की, ट्रकवर मोटरसायकल बांधून नेणे हे मुख्यतः एका अडचणीवरचे उत्तर आहे. ही अडचण विश्रांतीच्या नियमांनी आणि रस्त्यांच्या रचनेने मिळून तयार केली आहे, आणि उत्तर चालकाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या ट्रकवर वजन सोसून काढले आहे. हे उत्तर काही अटी पाळल्या तर तांत्रिकदृष्ट्या टिकते. बहुतेक कंपन्या ते सरसकट नाकारतात, हे अन्यायाचे आहे. आणि चालकाने ते काढले म्हणून ज्यांची जबाबदारी होती ते मोकळे होत नाहीत.

अडचण नेमकी काय, ते आधी पाहू. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार मालट्रकच्या चालकाला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. सलग आठ दिवसांत सत्तर तास भरले की चालवणे बंद, आणि तो हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा तर सलग चौतीस तास कामापासून दूर राहावे लागते. पूर्वी या तासांची नोंद कागदी वहीत होत असे आणि ती थोडी पुढेमागे करता येत असे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांना इंजिनाला जोडलेले इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे झाले. थकलेल्या चालकाला थांबवण्यासाठी केलेला नियम म्हणून त्याचे स्वागतच व्हायला हवे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की चालक कुठे थांबणार हे आता घड्याळ ठरवते. तास संपत आले की जी जागा मिळेल ती पकडायची, मग ती गावाजवळ असो की माळावर. आणि जागाही मुबलक नाहीत. केंद्रीय महामार्ग खात्याच्या २०१९ च्या पाहणीत देशभर ट्रक उभे करण्याच्या सुमारे ३ लाख १३ हजार जागा मोजल्या गेल्या. त्यांतल्या साधारण चाळीस हजारच सार्वजनिक विश्रांतीस्थळांवर होत्या, बाकी सगळ्या खासगी ट्रक स्टॉपवर. ही पाहणी ज्या कायद्याखाली होते तो २०१२ चा कायदा जेसन रिव्हेनबर्ग या चालकाच्या नावाने ओळखला जातो. २००९ साली साउथ कॅरोलायनात माल उतरवण्याची वेळ होईपर्यंत थांबायला सुरक्षित जागा न मिळाल्याने तो एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर उभा राहिला आणि तिथे लुटारूने त्याला गोळ्या घातल्या.

जागा मिळाली तरी प्रश्न संपत नाही, तिथून दुसरा सुरू होतो. आंतरराज्य महामार्गांचे जाळे १९५६ च्या कायद्याने उभे राहू लागले तेव्हापासून त्यांच्यावरच्या सार्वजनिक विश्रांतीस्थळांवर दुकाने आणि खानावळी चालवायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. जुने टोलरस्ते काय ते अपवाद. रस्त्यालगतच्या गावांतला धंदा मारला जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे अशा जागी स्वच्छतागृह, बाके आणि नाणे टाकून पदार्थ देणारी यंत्रे एवढेच मिळते. गरम जेवण, औषधांचे दुकान, दवाखाना, न्हावी, भाजीपाला यांसाठी महामार्ग सोडून गावात जावे लागते, आणि नेमके तिथेच एकवीस-बावीस मीटर लांब आणि चार मीटरहून उंच गाडी जाऊ शकत नाही. कायद्याने दिलेली मुभाही बेताची आहे. केंद्रीय नियम राज्यांना एवढेच बांधून घालतात की राष्ट्रीय जाळ्यापासून एक मैलाच्या, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरच्या आत इंधन, जेवण, दुरुस्ती आणि विश्रांतीसाठी जाणाऱ्या मोठ्या ट्रकला, सुरक्षेचे ठोस कारण नसेल तर, अडवू नये. त्यापलीकडच्या रस्त्यांवर काय चालेल हे राज्याने आणि गावाने ठरवायचे. शिवाय महामार्गाच्या फाट्यावर पदपथ बहुधा नसतोच, त्यामुळे तीन किलोमीटरवरच्या दुकानात पायी जाणे म्हणजे भरधाव गाड्यांच्या कडेने चालणे. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या ट्रकवर बरेचदा क्लीनर असतो. एकाने गाडी राखायची आणि दुसऱ्याने गावात जाऊन यायचे अशी वाटणी होऊ शकते. अमेरिकेत बहुतेक ट्रकांवर चालक एकटा असतो. कायदा त्याला चौतीस तास विश्रांती देतो, पण ती घेण्याची त्याची हद्द म्हणजे ट्रक स्टॉपचे आवार.

या कोंडीचे शरीरावर होणारे परिणाम मोजलेले आहेत. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने २०१० साली लांब पल्ल्याच्या चालकांची देशव्यापी पाहणी केली. तीत ६९ टक्के चालक लठ्ठ आढळले आणि ५१ टक्के धूम्रपान करणारे. दोन्ही प्रमाणे एकूण नोकरदार प्रौढांच्या तुलनेत दुपटीच्या आसपास. याचे सगळे खापर जागेवर फोडणे बरोबर होणार नाही. दिवसाचे अकरा तास बसून काम, अवेळी झोप, मैलांवर मिळणारा पगार आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळी बिनपगारी ताटकळणे हे सगळे त्यात आहे. पण ट्रक स्टॉपवर जे तळलेले मिळेल ते खायचे, डॉक्टरकडे जाणे घरी पोचेपर्यंत पुढे ढकलायचे आणि सुटीचा दिवस पलंग आणि पडदा यांच्यामध्ये काढायचा, ही सवय जागेनेच लावलेली आहे. या पार्श्वभूमीवर मोटरसायकल पाहिली की ती चैनीची वस्तू वाटत नाही. तिच्यावरून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावातला बाजार, दवाखाना, नदीकाठ, एखाद्या मित्राचे घर अर्ध्या तासात गाठता येते.

आता ती ट्रकवर बसते कुठे आणि कशी, हे जरा जवळून पाहायला हवे, कारण वादातले बरेच मुद्दे इथेच सुटतात किंवा अडतात. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला तिकडे ट्रॅक्टर म्हणतात. १९८२ पूर्वी अनेक राज्यांत ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा होती, म्हणून माल वाढवायचा तर ट्रॅक्टर आखूड करावा लागे. इंजिनावर केबिन बसवलेले चपट्या तोंडाचे ट्रक त्यामुळेच चलतीत होते. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय जाळ्यावर एकूण लांबीची मर्यादा काढून टाकली आणि फक्त ट्रेलरची लांबी मोजायची पद्धत आली. मग लांब नाकाचे, मोठ्या झोपघराचे ट्रॅक्टर परवडू लागले. पीटरबिल्ट ३७९ किंवा केनवर्थ डब्ल्यू ९०० यांसारख्या गाड्यांची चासी मालक-चालक आवडीने लांब करून घेऊ लागले आणि झोपघराच्या मागे दीड-दोन मीटरची उघडी पट्टी शिल्लक राहू लागली. मोटरसायकल बसते ती या पट्टीवर, जमिनीपासून साधारण मीटरभर उंच. तिथे पोलादी पाट जोडतात, पुढच्या चाकासाठी खोबण बसवतात आणि गाडी वर घ्यायला घडीचा उतार, विजेवर चालणारी दोरखंडाची चरखी किंवा हायड्रॉलिक पाळणा लावतात.

या पट्टीत दिसते तेवढी जागा वापरायला मिळत नाही, आणि नवख्या माणसाची चूक इथेच होते. ट्रेलर किंगपिनभोवती, म्हणजे त्याला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या खुंटीभोवती, वळतो. किंगपिन ट्रेलरच्या पुढच्या भिंतीपासून साधारण ९१ सेंटिमीटर मागे असते आणि ट्रेलरची रुंदी २.५९ मीटर, म्हणजे अर्धी रुंदी १३० सेंटिमीटर. काटकोन त्रिकोणाचा शाळेतला हिशेब केला तर किंगपिनपासून ट्रेलरचा पुढचा कोपरा सुमारे १५९ सेंटिमीटरवर येतो. याचा अर्थ सरळ चालताना भिंत ९१ सेंटिमीटरवर असली तरी घट्ट वळणावर तिचा कोपरा आणखी ६७-६८ सेंटिमीटर पुढे घुसतो. सरळ उभ्या ट्रकवर मोटरसायकल आणि ट्रेलर यांच्यात दोन फूट मोकळे दिसते आणि आवारात पहिलेच मागे घेण्याचे वळण घेताना कोपरा हँडलवर येऊन बसतो. शीतपेटीच्या ट्रेलरला पुढे यंत्र असते, ते आणखी जागा खाते. चढावर किंवा उतरणीवर ट्रेलर पुढे-मागे कलतो, त्यासाठी वेगळे अंतर राखावे लागते. ट्रॅक्टरमधून ट्रेलरकडे जाणाऱ्या ब्रेकच्या हवेच्या आणि विजेच्या नळ्या याच जागेतून लोंबतात. त्या मोटरसायकलच्या पायदानात किंवा आरशात अडकल्या तर ब्रेकवर परिणाम होतो, आणि हा धोका हँडल वाकण्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांना धुराड्याचे उभे नळकांडे झोपघराच्या मागच्या कोपऱ्यालाच असते, त्याच्या आचेपासून मोटरसायकलचे सीट आणि पेट्रोलची टाकी दूर ठेवावी लागते.

गाडी आडवी उभी करायची म्हणून तिच्या लांबीलाही मर्यादा आली, कारण ट्रकच्या रुंदीच्या बाहेर काही डोकावता कामा नये. मोठ्या टूरिंग गाड्यांची लांबी अडीच मीटरच्या वर जाते, म्हणून ज्या हार्ले-डेव्हिडसनचे किंवा गोल्ड विंगचे चित्र या विषयाबरोबर डोळ्यांपुढे येते त्या गाड्याच या कामाला सर्वांत गैरसोयीच्या. वजनाचा हिशेब त्यांच्या आणखी विरुद्ध जातो. होंडाची लहानखुरी ग्रोम शंभर किलोच्या आसपास, २५० ते ३०० सीसीची कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी गाडी दीडशेच्या आत, कावासाकी केएलआर ६५० दोनशेच्या घरात, आणि हार्लेची रोड किंग साडेतीनशेच्या पुढे. यावर पाट आणि पाळण्याचे वजन वेगळे. आंतरराज्य महामार्गावर भरलेल्या ट्रकचे एकूण वजन ८० हजार पौंड, म्हणजे सुमारे ३६ हजार २८७ किलोच्या वर चालत नाही, आणि जोड आसावर ३४ हजार पौंडांची वेगळी मर्यादा आहे. आसांवरचे वजन जुळवायला चालक ट्रेलर टेकण्याची तबकडी, म्हणजे फिफ्थ व्हील, पुढे-मागे सरकवतात. केबिनमागे मोटरसायकल बांधली की ही तबकडी पुढे सरकवायची सोय कमी होते. म्हणजे वजन मर्यादेत बसले तरी ते योग्य आसावर टाकणे अवघड जाते, आणि तपासणी नाक्यावर दंड आसाच्या वजनावरही होतो.

पहिला आक्षेप इथूनच निघतो: मोटरसायकल नेणारा माल सोडून देतो, म्हणजे पैसे सोडतो. हे अंशतः खरे आहे. पंचेचाळीस हजार पौंडांचे भाडे घ्यायचे तर रिकाम्या ट्रक-ट्रेलरचे वजन पस्तीस हजारांच्या आत हवे, आणि तीन-साडेतीनशे किलो, म्हणजे सात-आठशे पौंड, वाढले की अशी भाडी हातची जातात. पण सगळा माल जड नसतो. चिप्सची खोकी, कागदी टॉवेल, फर्निचर, गाड्यांचे प्लास्टिकचे भाग असा माल ट्रेलर छतापर्यंत भरला तरी वजनाची मर्यादा गाठत नाही. अशा भाड्यांवर चालणाऱ्याचे मोटरसायकलने काहीच जात नाही. पोलादाची गुंडाळी, पेये किंवा धान्य वाहणाऱ्याचे जाते. म्हणजे हा आक्षेप धंद्याच्या प्रकाराप्रमाणे खरा किंवा खोटा ठरतो, सरसकट लागू होत नाही. इंधनाचेही तसेच. केबिन आणि ट्रेलर यांच्यामधली फट जितकी रुंद तितका वारा तिथे घुसून अडथळा करतो, म्हणून उत्पादक ती कमी ठेवायला सांगतात. ज्याची चासी आधीपासून लांब आहे त्याचा तोटा मोटरसायकल नसतानाही होतच आहे. केवळ मोटरसायकलसाठी चासी लांबवणाऱ्याने मात्र डिझेलचा वाढीव खर्च त्या खात्यात धरावा.

मग मोटरसायकल ट्रेलरमध्येच का नाही ठेवत, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. उत्तर सोपे आहे: ट्रेलर चालकाचा नसतो आणि त्याच्याबरोबर राहतही नाही. एका गोदामात भरलेला ट्रेलर सोडायचा, दुसरा उचलायचा, हा आजचा रिवाज. ट्रेलरची जागा माल पाठवणाऱ्याने विकत घेतलेली असते, दाराला सील असते, आणि अन्नपदार्थांच्या वाहतुकीत स्वच्छतेचे नियम पेट्रोलच्या टाकीला शेजारी बसू देत नाहीत. स्वतःचा सपाट ट्रेलर असलेला, घरसामान हलवणारा किंवा गाड्या वाहणारा चालक यातून वाट काढू शकतो. इतरांनी ट्रेलरचा विचार सोडून द्यावा हेच बरे. मालक-चालक आणि कंपनीचा पगारी चालक यांच्यातला खरा फरकही इथे येतो. पहिल्याचा ट्रॅक्टर त्याचा आहे, तो त्याला पाट जोडू शकतो. दुसऱ्याचा ट्रॅक्टर कंपनीचा, त्यात छिद्र पाडायचीही मुभा नाही. चालकांपैकी मोठा वर्ग या दुसऱ्या गटात आहे.

कंपन्यांची भीती मी हलकी मानत नाही. महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने जाताना दोनशे किलोची वस्तू सुटून मागच्या मोटारीवर पडली तर माणसे मरतील, आणि दावा कंपनीवर येईल. पण यावर नियम आधीच आहेत आणि ते पुरेसे कडक आहेत. ट्रकवर बांधलेली वस्तू पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट आणि मागे व बाजूंना निम्म्या पट झटका सोसेल अशी बांधलेली असावी. पट्ट्यांची एकूण ताकद वस्तूच्या वजनाच्या निदान निम्मी असावी. निघाल्यापासून पहिल्या पन्नास मैलांच्या आत बांधणी तपासावी आणि मग दर दीडशे मैलांनी किंवा तीन तासांनी पुन्हा. दोनशे किलोच्या मोटरसायकलला चार मजबूत पट्टे आणि चाकाची पक्की खोबण दिली की या मागण्या सहज पुऱ्या होतात. जे चालक वीस टन पोलाद रोज याच नियमांनी बांधून नेतात, त्यांना एक मोटरसायकल बांधता येणार नाही असे मानणे पटत नाही. बांधणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच की पट्टे हँडलच्या टोकांना न लावता पुढच्या फोर्कच्या खालच्या जोडाला लावावेत आणि स्प्रिंग पूर्ण दाबून ठेवू नये; पूर्ण दाबलेली गाडी धक्क्यावर पट्टा सैल सोडते आणि तेलाचे सीलही फोडते. शिवाय याच कंपन्यांनी चालक टिकावा म्हणून केबिनमध्ये कुत्रे ठेवायला आणि लेखी परवानगीने घरचे माणूस बरोबर न्यायला केव्हाच मान्यता दिलेली आहे. मोठ्या ट्रकलोड कंपन्यांत चालकांच्या गळतीचा वार्षिक दर अनेक वर्षे नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिला. एवढी माणसे दरसाल सोडून जात असताना विसाव्याची सोय करणारी एक मागणी तपासून न पाहता फेटाळणे हे शहाणपणाचे नाही.

दुसरे आक्षेप पर्यायांचे आहेत. फोनवरून टॅक्सी बोलावता येते, मग मोटरसायकल कशाला? मोठ्या शहराजवळ हे बरोबर आहे, आणि तिथे टॅक्सीच स्वस्त पडेल. पण नेब्रास्का, वायोमिंग किंवा पश्चिम टेक्सासातल्या फाट्यावर टॅक्सी येईलच याची शाश्वती नसते, आणि लांब मुक्काम बरेचदा अशाच ठिकाणी पडतात. ट्रक घेऊनच गावात जावे, हाही एक पर्याय. २०१८ च्या केंद्रीय खुलाशाने चालकाला सुटीच्या वेळात खासगी कामासाठी भरलेला ट्रकसुद्धा नेण्याची मुभा दिली. पण परवानगी मिळाल्याने ट्रक लहान होत नाही, आणि ट्रेलर सोडून फक्त ट्रॅक्टर न्यायचा तर अनेक ट्रक स्टॉपवर ट्रेलर सोडायला मनाई असते, चोरीचा धोकाही असतो. घडीची सायकल आणि विजेची सायकल हे पर्याय मला सर्वांत प्रामाणिक वाटतात: वजन पंचवीस किलोच्या आत, ट्रॅक्टरमध्ये बदल नको, कंपनीची परवानगीही सहसा लागत नाही. जिथे फाट्याजवळ शांत रस्ता आहे तिथे मोटरसायकलपेक्षा सायकल चांगली, शरीरालाही. मात्र जिथे गावाकडचा एकमेव रस्ता ताशी नव्वद किलोमीटरचा आहे आणि त्याला कडेची पट्टी नाही, तिथे सायकल घेऊन जा असे मी कोणाला सांगणार नाही. आणि लिथियमची बॅटरी झोपायच्या केबिनमध्ये चार्ज करणे हा वेगळाच धोका आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मोटरसायकलच्या स्वतःच्या धोक्याचा. अमेरिकेत दर वर्षी सहा हजारांवर मोटरसायकलस्वार अपघातात मरतात, आणि चाललेल्या अंतराच्या मानाने त्यांचा मृत्युदर मोटारीतल्या माणसांच्या वीस पटींहून अधिक भरतो. आयोवा आणि इलिनॉय या ट्रकांनी गजबजलेल्या राज्यांत हेल्मेटची सक्तीच नाही. जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवणारा ट्रक स्टॉप याच आयोवात वॉलकॉटला आहे. अकरा तास गाडी चालवून उतरलेला माणूस दुचाकीवर बसला तर धोका आणखी वाढतो. त्यातून पाय मोडला तर पगार थांबतो. आणि मोटरसायकलवर दारू पिऊन पकडला गेला तर ट्रकचा परवानाही निदान वर्षभरासाठी जातो, कारण तो नियम वाहन कोणते हे पाहत नाही. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. त्याला उत्तर एवढेच की तो मोटरसायकलच्या वापराची पद्धत ठरवतो, मनाई नव्हे. दहा तासांच्या रात्रीच्या विश्रांतीत, झोप पणाला लावून ती काढूच नये. ती चौतीस तासांच्या थांब्यासाठी आहे, झोप झाल्यावर, दिवसा, हेल्मेट घालून. उत्तरेकडच्या हिवाळ्यात तर ती निव्वळ ओझे होते, रस्त्यावरचे मीठ तिचे धातू खाते; नोव्हेंबर ते मार्च त्या भागात चालणाऱ्याने ती घरी ठेवावी. स्फोटके वाहणाऱ्याला ट्रक सोडून जाताच येत नाही आणि महागडा माल वाहणाऱ्यालाही तो एकटा टाकून जाणे जोखमीचे, त्यांच्यासाठी हा विचारच नको. अशा रीतीने वजाबाकी करत गेले की मोटरसायकल ज्याच्या खरोखर उपयोगाची असा चालक उरतो तो असा: हलका माल वाहणारा, उबदार पट्ट्यात किंवा उबदार महिन्यांत फिरणारा, आठवड्यामागून आठवडे घराबाहेर असणारा. असे चालक थोडे नाहीत.

युरोपकडे पाहिले की अमेरिकेतल्या या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होते. युरोपीय संघात जोडगाडीची एकूण लांबी साधारण १६.५ मीटरच्या आत ठेवावी लागते, त्यामुळे चपट्या तोंडाचे ट्रकच चालतात आणि केबिनमागे मोटरसायकल ठेवायला जागाच उरत नाही. पण तिथल्या कायद्याने विश्रांतीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पंचेचाळीस तासांची नियमित साप्ताहिक विश्रांती ट्रकच्या केबिनमध्ये घेता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. २०२० च्या सुधारित नियमांनी निवासाचा खर्च मालकाने द्यावा हेही लिहिले. अंमलबजावणी सगळीकडे नीट होते असे नाही आणि सुरक्षित वाहनतळांची टंचाई तिथेही आहे. तरीही तत्त्व ठरले: विश्रांतीची जागा माणसाच्या राहण्यायोग्य असावी, आणि तिचा भार कामावर ठेवणाऱ्याने उचलावा. अमेरिकेने विश्रांतीचे तास मिनिटापर्यंत मोजले, पण ते तास कुठे जातात याची चौकशी केली नाही. मोटरसायकल नेणारा चालक ती उणीव स्वतःच्या खिशातून भरतो.

म्हणून मोटरसायकलचा पुरस्कार करताना तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवता येत नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही, पैसे नाहीत, दुचाकीचा परवाना नाही किंवा ज्याचे गुडघे आता दुचाकी पेलत नाहीत, त्याला तिचा उपयोग नाही. त्याला हवे ते वेगळे आहे: गावाजवळ ट्रक उभा करायची जागा, फाट्यापासून बाजारापर्यंत पदपथ, ट्रक स्टॉपवर दवाखाना. ट्रक उभे करण्याच्या जागांसाठी स्वतंत्र निधी द्यावा असे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले गेले आहे. ते या मोटरसायकलींपेक्षा कितीतरी जास्त माणसांच्या कामी येईल. पण ती कामे व्हायला वर्षे लागतील, आणि चौतीस तासांचा थांबा दर आठवड्याला येतो. कंपन्यांना आज करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. दीडशे-पावणेदोनशे किलोपर्यंतची गाडी, कंपनीच्या कार्यशाळेतच बसवलेला आणि काढता येणारा पाट, वळणाचे अंतर ट्रेलर जोडून दोन्ही बाजूंना मोजून घेतलेले, नळ्यांची वाट वेगळी, बांधणीची तपासणी नोंदवहीत, आणि अंगावर पूर्ण संरक्षक कपडे. एवढ्या अटी एका पानावर मावतात, आणि त्या घालून परवानगी द्यायला केंद्रीय नियमांतले एकही कलम बदलावे लागत नाही.